वर्गातूनच संशोधन

संशोधन म्हणजे विद्यावाचस्पतीचे काम, असा समज अध्यापक महाविद्यालयांत दीर्घकाळ होता. अमेरिकेतील स्टीफन कोरी यांनी १९५३ साली कृतिसंशोधनावर ग्रंथ लिहिला आणि वर्गशिक्षकही संशोधक ठरू लागला. बी.एड.च्या विद्यार्थ्यालाही आता प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली असे संशोधन करावे लागते.

जळगाव-धुळे भागात विषय शोधण्यास दूर जावे लागत नाही. अहिराणीभाषक घरातील मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ लिहिते. वहीत लाल रेघा उमटतात व मूल ‘कच्चे’ ठरते. ‘खानदेशातील अशुद्धलेखन’ असा ऐसपैस विषय घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाने प्रथम आवरावे लागते. एक वर्ग, दोन अक्षरे, ठरावीक मुदत, एवढे पुरे. मग पूर्वचाचणी घ्यावयाची आणि चुका नुसत्या न मोजता त्यांची वर्गवारी करावयाची. खरे शिक्षण येथे घडते. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ वारंवार होतो, हे तक्ता दाखवितो. म्हणजे ही हयगय नसून घरच्या बोलीची रीत आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचे वर्णन १९०७ सालीच छापले गेले होते. शाळेला ते फार उशिरा कळले!

उपाय म्हणून दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी लिहावीत, भेद मुलांकडूनच काढून घ्यावा. त्यानंतर उत्तरचाचणी. गुण न वाढल्यास तसेच नोंदवावे. आकडे सजविण्याचा मोह प्राध्यापकाने याच टप्प्यावर मोडून काढावयाचा असतो. निष्कर्ष त्या वर्गापुरताच राहतो, म्हणून अहवालाची एक प्रत महाविद्यालयाच्या कपाटाऐवजी त्या वर्गाच्या शिक्षकाकडे जावी.