दीडशहाण्याला इंग्रजीत काय म्हणतात?

प्रश्न : माझा मुलगा एका कंपनीत नोकरीला आहे. त्याचे वरचे साहेब इंग्लंडचे. परवा मीटिंगमध्ये ते त्याच्याबद्दल ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ असं म्हणाले. आम्ही घरी पेढे आणले, तर हा चेहरा पाडून बसलेला. शब्दकोश उघडला, तर क्लेव्हर, इंटेलिजंट, स्मार्ट, ब्राइट, शार्प या सगळ्यांपुढे ‘हुशार’ एवढंच. यांत फरक काय, आणि चढता क्रम कोणता? – एक वाचक, सांगली

उत्तर : पेढे आणलेच आहेत तर खाऊन टाका, पण चिरंजीवांनी चेहरा पाडला ते बरोबर होतं. साहेबांच्या वाक्याचा शब्दशः हिशेब मांडून पाहा. क्लेव्हर म्हणजे चतुर, आणि ‘टू... बाय हाफ’ म्हणजे हवं त्यापेक्षा अर्ध्यानं जास्त. पुरेसं शहाणपण एक धरलं, त्यात अर्धं मिळवलं, किती झालं? दीड! साहेबांनी तुमच्या मुलाला अस्सल मराठीत ‘दीडशहाणा’ म्हटलं. शहाणपण अपूर्णांकात मोजायची आपल्यालाही जुनी सवय आहे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, तर नाना फडणवीस अर्धे. कारण नानांची अक्कल मोठी असली तरी तलवार त्यांच्या हातची नव्हती, असं सांगतात. अर्ध्या शहाण्याला मान आणि दीडशहाण्याला टोमणा, हा आपल्याकडचाच न्याय आहे.

आता चढत्या क्रमाबद्दल. शाळेतल्या निकालासारखी या शब्दांची उतरंड लावता येईल, हा समज आधी सोडून द्यावा लागेल. मराठीत चतुर, धूर्त, बेरकी, चालू, पोहोचलेला यांचा तरी चढता क्रम कोण लावून दाखवेल? बुद्धी कोणत्या कामाला जुंपली, आणि ते पाहणाऱ्याला कसं वाटलं, एवढं हे शब्द सांगतात. घरातलंच उदाहरण घेऊ.

रात्रीचे दोन वाजलेत, न्हाणीघरातला नळ टपटपतोय, घरात कोणालाच झोप नाही. धाकट्यानं उठून नळाच्या तोंडाला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक बादलीत सोडलं. पाणी सुतळीवरून मुकाट उतरू लागलं, आवाज बंद. हा क्लेव्हर. गळती तशीच आहे, पण युक्ती झकास! थोरल्यानं सकाळी नळ उघडून पाहिला, वायसर झिजल्यामुळे तोटी घट्ट बसत नाही हे त्याला उमगलं. हा इंटेलिजंट. वडील प्लंबरला बोलावण्याआधी दुकानात जाऊन वायसरची किंमत विचारून आले. त्यामुळे ‘अख्खा नळच बदलावा लागेल’ हे ऐकून ते नुसतं हसले. हे श्रूड. शेजारच्यांनी स्वतःच्या नळाची गळती इमारतीच्या पाइपवर ढकलली आणि दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात करून घेतली. ते कनिंग. आणि गेल्या महिन्यात पहिला थेंब पडला तेव्हाच ‘अरे, तो नळ बघून घ्या’ असं आजी म्हणाली होती. ती वाइज. तिचं कोणी ऐकलं नाही, हेही नेहमीप्रमाणेच.

इथे बुद्धी कोणाचीच कमी नाही. तरी शब्दांची अदलाबदल करून पाहा, लगेच खटकेल. आजीला क्लेव्हर म्हटलं तर तिनं काही डाव टाकल्यासारखं वाटतं. क्लेव्हर या शब्दाचा जुना अर्थ हाताचा चपळ, हातोटी असलेला असा होता, आणि तो वास अजून गेलेला नाही. म्हणून यंत्र क्लेव्हर असतं, सबबसुद्धा क्लेव्हर असते. त्यात ‘टू’ मिसळलं की कौतुक नासतंच.

श्रूड आणि कनिंग यांची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. श्रू म्हणजे आपली चिचुंद्री. इंग्रजांनी या बापड्या प्राण्याचा संबंध दुष्टपणाशी जोडला, आणि त्यातून आलेल्या श्रूड या शब्दाचा जुना अर्थ चक्क दुष्ट, खाष्ट असा होता. पुढे तो हळूहळू निवळला आणि आज एखाद्या व्यापाऱ्याला श्रूड म्हटलं तर तो खूश होतो. शब्दकोश त्याचा अर्थ धूर्त देतात, पण ‘व्यवहारात फसणार नाही असा’ हे जास्त जवळचं. कनिंगचा प्रवास अगदी उलटा. त्याचं मूळ ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदात. 1611 च्या इंग्रजी बायबलात हार्प उत्तम वाजवणाऱ्या दावीदाला कनिंग म्हटलंय, आणि ती स्तुती आहे. आज हाच शब्द गोष्टीतल्या कोल्ह्याच्या वाट्याला उरला. जाणकाराचा लबाड झाला आणि दुष्टाचा व्यवहारचतुर!

स्मार्टबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. ‘मुलगा स्मार्ट आहे’ म्हणजे दिसायला छान, हा आपला अर्थ चुकीचा म्हणून काहीजण हसतात. तो अगदीच उपरा नाही. ब्रिटनमध्ये स्मार्ट म्हणजे आधी नीटनेटका, टापटिपीचा. बुद्धिमान हा अर्थ अमेरिकेत जास्त चालतो. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद झोंबणे, चुरचुरणे या अर्थाचं होतं. साबण डोळ्यांत गेला की डोळे ‘स्मार्ट’ होतात, असं इंग्रज आजही म्हणतो. झोंबरा तो तल्लख, तल्लख तो चटपटीत, चटपटीत तो झकपक, अशी ही साखळी.

शार्पला आपल्याकडे सख्खा भाऊ आहे, कुशाग्र, म्हणजे दर्भाच्या टोकासारखा. पण दर्भानं कोणाचा खिसा कापल्याचं ऐकिवात नाही. इंग्रजीत ‘शार्प प्रॅक्टिस’ म्हणजे कायद्यात कसाबसा बसणारा, पण सचोटीत न बसणारा व्यवहार.

ब्राइट हा मोठ्यांनी लहानांना द्यायचा शब्द. बाई विद्यार्थ्याला ब्राइट म्हणतील. विद्यार्थी बाईंना म्हणाला तर आगाऊपणा होईल. जीनियस हे मुळात नाम आहे, तेव्हा ‘तो फार जीनियस आहे’ असं लिहिण्यापेक्षा ‘तो जीनियस आहे’ एवढं पुरे. आणि इंटलेक्चुअल म्हणजे विचारांच्या जगात रमणारा. त्याला नळाचं वायसर बदलता येईलच असं नाही.

राहिला ब्रिलियंट, ज्याला तुम्ही बहुधा सगळ्यात वरची पायरी समजत असाल. अर्थ लखलखता, आणि शास्त्रज्ञाबद्दल वापरला तर खरोखरच वरचा. पण इंग्लंडात रोजच्या बोलण्यात त्याची किंमत आपल्या ‘वा, छान’ एवढीच. दार धरून ठेवलं, पेन उसनं दिलं, गाडी वेळेवर आली, की ब्रिलियंट! तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये साहेब मुलाला ब्रिलियंट म्हणाले, तर पेढे आणायच्या आधी एवढं विचारून घ्या, की त्या वेळी साहेबांच्या हातात चहाचा कप कोणी दिला होता.