गिटार सुरांत लावणें

गेल्या नाताळापूर्वींच्या आठवड्यांत आमच्या सभागृहांत गीतांची तालीम चालली होती. तीन गिटारी, एक कीबोर्ड व चाळीस मुलामुलींचा गायकवृंद असा सरंजाम होता. पहिलें कडवें संपण्यापूर्वींच कोठें तरी सूर खटकूं लागला. तालीम थांबवून आम्हीं एकेक वाद्य ऐकलें, तेव्हां दोष नववींतील एका मुलाच्या गिटारींत आढळला. "नीट लावून कां आणली नाहींस?" असें आम्हीं त्यास सर्वांसमक्ष विचारलें. त्यानें गिटारीच्या टोकास चिमट्यानें अडकविलेला ट्यूनर दाखविला व म्हटलें, "सर, लावली आहे. सहाहि तारांना हिरवा दिवा लागतो." आम्हीं दिव्याकडे पाहिलेंहि नाहीं. "यंत्रावर ढकलूं नकोस," असें म्हणून आम्हीं त्यास बाजूला बसविलें. तो मुलगा उत्तनहून बसनें, पाठीवर गिटार घेऊन येतो. त्या दिवशीं तो एकहि गीत न वाजवितां परत गेला.

सायंकाळीं तो ट्यूनर टेबलावर राहिलेला दिसला. पडद्याच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत ४३० हा आकडा होता. तो ४४० असावयास पाहिजे होता. मुलगा खोटें बोलला नव्हता, आणि यंत्रानेंहि आपलें काम चोख केलें होतें. त्या आकड्याचा अर्थ आम्हीं वर्गांत कधींच शिकविला नव्हता, ही चूक आमची. ती भरून काढावी म्हणून हा पाठ लिहीत आहों.

तार छेडली म्हणजे ती कांपते. एका सेकंदांत जितके कंप अधिक, तितका सूर उंच. परंतु कोणत्या सुरास कोणतें नांव द्यावें, हें मनुष्यांनीं ठरविलें आहे. इ. स. १७११ च्या सुमारास लंडनमधील तुतारीवादक जॉन शोर यानें सूर देणारा पोलादी कांटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, तयार केला. तरीहि निरनिराळ्या शहरांत 'ए' हा सूर निरनिराळा धरीत. फ्रान्सनें १८५९ मध्यें तो सेकंदास ४३५ कंपांचा ठरविला. पुढें १९३९ मध्यें लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ४४० ही संख्या मान्य झाली, व १९५५ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें तिची शिफारस केली. आज कीबोर्ड व ट्यूनर सामान्यतः याच संख्येवर लावलेले असतात.

आपल्याकडे गवई आपल्या गळ्याप्रमाणें काळी एक, काळी चार अशी पट्टी निवडतो व तंबोरा त्या पट्टीस लावून घेतो. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. ते घडविणारे कारागीर कानावर विसंबून तार जुळवितात. तेथें गवयाचा षड्ज हाच आधार असतो. गिटारहि एकटी वाजवावयाची असेल तर ४३० वर लावली काय किंवा ४४० वर लावली काय, गोडच लागेल, कारण तिच्या सहाहि तारा एकमेकींशीं जुळलेल्या असतात. म्हणून त्या मुलास घरीं कांहींच खटकलें नाहीं. पण ४३० चा सूर ४४० च्या सुराहून सुमारें ४० सेंट उतरलेला असतो. अर्ध्या सुराचे १०० सेंट मानतात. म्हणजे फरक जवळजवळ दोन पंचमांश अर्ध्या सुराचा झाला. कीबोर्डाबरोबर वाजवितांच तो उघडा पडला.

आतां तारांचीं नांवें पाहूं. वरच्या जाड तारेपासून खालच्या बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असा क्रम आहे. त्यांचे सेकंदास कंप अनुक्रमें ८२.४, ११०, १४६.८, १९६, २४६.९ व ३२९.६ असतात. जाड तारेस सहावी व सर्वांत बारीक तारेस पहिली म्हणतात. हीं नांवें पाठ असल्यावांचून ट्यूनर हातीं घेऊं नये. यंत्र अक्षर दाखवितें; पण आपण कोणती तार छेडली आहे हें त्यास ठाऊक नसतें.

ट्यूनर कोणता घ्यावा, असें पालक विचारतात. मोबाईलवरचा ट्यूनर फुकट मिळतो व शांत घरांत चांगलें काम देतो. मात्र तो हवेंतून आवाज ऐकतो, त्यामुळें तालमीच्या गोंगाटांत गोंधळतो. चिमट्याचा ट्यूनर गिटारीच्या लांकडांतील कंप घेतो, म्हणून शेजारीं ढोल वाजत असला तरी त्यास फारशी अडचण पडत नाहीं. पायानें दाबावयाचा ट्यूनर विजेच्या गिटारीकरितां असतो. साध्या गिटारीच्या विद्यार्थ्यास त्याची गरज नाहीं. कांहीं गिटारींत ट्यूनर बसविलेलाच असतो; तेथें निराळा घेण्याचें कारण नाहीं.

आमचें मत असें कीं, विद्यार्थ्यानें चिमट्याचा ट्यूनर घ्यावा. तो कांहीं शें रुपयांत मिळतो. भाईंदरहून चर्चगेटच्या गाडीनें मरीन लाइन्सला उतरल्यास धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत तो हातांत घेऊन पाहतां येतो. घेतांना चार गोष्टी पाहाव्या. अक्षर मोठें व स्पष्ट दिसावें. 'क्रोमॅटिक' म्हणजे बाराहि सूर ओळखणारी सोय असावी. ४४० हा आकडा कोठें दिसतो व कोणत्या बटनानें बदलतो, हें दुकानदाराकडून समजून घ्यावें. बॅटरी आपल्या गांवांत मिळणारी असावी. याहून महाग यंत्रावर खर्च करण्यापेक्षां तेच पैसे नव्या तारांस लावावे. जुनी, गंजलेली तार कोणत्याहि ट्यूनरनें नीट सुरांत येत नाहीं.

लावण्याची रीत अशी. प्रथम ४४० आहे कीं नाहीं पाहावें. मग सहाव्या तारेपासून आरंभ करावा. एकच तार अंगठ्यानें हलकेंच छेडावी व इतर तारांवर हात ठेवून त्या मुक्या कराव्या. आधीं अक्षर जुळवावें, मग कांटा मध्यें आणावा. सूर उतरलेला असेल तर खुंटी हळूहळू पिळून तार चढवावी. चढलेला असेल तर तार हव्या सुराच्या किंचित् खालीं उतरवून पुन्हां चढवीत आणावी. खुंटीच्या दांत्यांत थोडी ढिलाई असते. तार चढवीत थांबल्यास ती ढिलाई निघून जाते व सूर टिकतो. बारीक तारेविषयीं विशेष जपावें. अक्षर ओळखण्यांत चूक होऊन ती फार चढविली म्हणजे ताडकन् तुटते, व तोंड जवळ असल्यास डोळ्यास इजा होण्याचें भय असतें. सहाहि तारा झाल्या कीं पुन्हां पहिल्यापासून तपासाव्या, कारण एका तारेचा ताण वाढला कीं दुसऱ्या तारा थोड्या सरकतात.

यानंतर ट्यूनर बंद करून कानानें परीक्षा करावी. सहावी तार पांचव्या पडद्यावर दाबली असतां मोकळ्या पांचव्या तारेचा सूर निघतो. पांचवीवरून चौथी व चौथीवरून तिसरी याच रीतीनें तपासावी. दुसरीकरितां मात्र तिसरी तार चौथ्या पडद्यावर दाबावी. शेवटीं दुसरी तार पांचव्या पडद्यावर दाबून पहिली पाहावी. दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पूर्ण जुळल्या नाहींत, तर आवाज लाटेप्रमाणें वाढतो व ओसरतो. विज्ञानाच्या पुस्तकांत यास विस्पंद म्हणतात. त्या मुलाची मोकळी 'ए' तार ११० ऐवजीं १०७.५ कंपांची होती. कीबोर्डावरील त्याच सुराबरोबर ती वाजविल्यास सेकंदास अडीच विस्पंद ऐकूं येतात. तार जुळत जाते तशा लाटा मंद होतात व अखेर थांबतात. हें ऐकावयास शिकलेला मुलगा ट्यूनर बिघडला तरी अडत नाहीं.

आपल्या भागांत हवेचीहि काळजी घ्यावी लागते. एका बाजूस उत्तन-डोंगरीचा समुद्र, दुसरीकडे खाडी व मिठागरें, त्यांत पावसाळा. लांकूड ओलावा शोषून फुगतें व सूर सरकतो. उन्हानें स्टीलची तार तापली म्हणजे सूर उतरतो. म्हणून गिटार बाहेरून आणल्यावर पंधरा मिनिटें सभागृहाच्या हवेंत ठेवून मग लावावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. खारी हवा व हाताचा घाम यांनीं त्या लवकर गंजतात. तसेंच, नायलॉनच्या तारांकरितां केलेल्या गिटारीस स्टीलच्या तारा चढवूं नयेत. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारें ७० किलोग्रॅम असतो. तो न सोसून अशा गिटारीची घोडी उखडते.

दुसऱ्या दिवशीं तालमीच्या आरंभीं आम्हीं त्या मुलास पुढें बोलाविलें. ज्यांच्यासमोर त्यास दटावलें होतें, त्या सर्वांसमोर, "काल चूक तुझी नव्हती, आमची होती," असें सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें ट्यूनरचें बटन दहादां दाबलें, ४३० चे ४४० केले, आणि सहाहि तारा पुन्हां लावल्या. मग त्यानें आपण होऊन शेजारच्या दोघांच्या ट्यूनरवरील आकडे पाहिले. त्यांतील एक ४४१ निघाला.

तेव्हांपासून आमच्या तालमीस एक नियम झाला आहे. गाणें सुरू होण्यापूर्वीं कीबोर्डावर एकच 'ए' वाजवितात, व प्रत्येक गिटारवाला यंत्र बाजूला ठेवून आपली पांचवी तार त्याच्याशीं ताडून पाहतो. तो 'ए' वाजविण्याचें काम त्याच मुलाकडे आहे. पालकांनींहि घरीं मुलाच्या ट्यूनरवरील आकडा एकवार पाहावा. आणि मूल "लावली आहे" असें म्हणत असेल, तर आमच्यासारखी घाई न करतां तें काय दाखवीत आहे तिकडे आधीं पाहावें.