वाघिणींचा माग

रेवसला रेल्वे नाही. धक्क्यावर उभे राहिले की समोर करंजा दिसतो, आत धरमतरची खाडी वळलेली दिसते आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे माल घेऊन जाणारे बार्ज दिसतात. करंजाच्या डोंगराआड उरण आणि त्यापलीकडे न्हावा-शेवा बंदर. इकडे जमिनीच्या बाजूला पेण, आणि पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत गेलेला मालवाहतुकीचा फाटा. आमच्या अलिबाग तालुक्याशी आगगाडीचा संबंध आहे तो एवढाच. माणसांचा नव्हे, मालाचा. म्हणूनच मालाचा डबा वाटेत सापडतो कसा, हा प्रश्न मला नेहमी जवळचा वाटत आला आहे.

या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी 'वॅगन'ला आपल्या लोकांनी हे जंगलातले नाव दिले आणि ते रुळले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी. गंमत अशी की या वाघिणीही खऱ्या वाघिणींसारख्याच दूरवर भटकतात. थळचा युरिया भरून निघालेली वाघीण रिकामी झाली की पुढच्या खेपेला कोणता माल घेऊन देशाच्या कोणत्या टोकाला जाईल, याचा नेम नाही. भारतीय रेल्वेकडे अशा वाघिणी तीन लाखांच्या घरात आहेत.

प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक रंगविलेला असतो. पहिले दोन अंक प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार अंकी अनुक्रम आणि शेवटी एक पडताळा अंक. समजा, ३१ ०१ ९८ ०४२६ ६ असा एक काल्पनिक क्रमांक आहे. म्हणजे झाकलेली वाघीण, मध्य रेल्वेची, १९९८ सालची. आता पहिल्या दहा अंकांतील सम स्थानांवरील अंकांची बेरीज करा : १, १, ८, ४, ६ मिळून २०. तिची तिप्पट ६०. विषम स्थानांवरील अंक ३, ०, ९, ०, २ मिळून १४. एकूण ७४. पुढच्या दशकाला, म्हणजे ८० ला, सहा कमी पडतात. तोच पडताळा अंक. कोणी घाईत ०४२६ च्या जागी ०४६२ लिहिले, तर हिशेबाने शेवटी ४ यायला हवा. ६ दिसताच चूक उघडी पडते. कलाशाखेच्या आपल्यासारख्यांनाही जमावे इतके हे गणित सोपे आहे आणि मला ते फार सुंदर वाटते.

हा क्रमांक टिपण्यासाठी यार्डात माणसे असत. ट्रेन्स क्लार्क हातात कंदील किंवा बॅटरी घेऊन, पावसापाण्यात, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाई आणि क्रमांक उतरवून घेई. खडीवरून रात्री चालणे, शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी आणि काजळीने झाकलेला आकडा, या तिन्हींशी त्याला झगडावे लागे. त्या कामाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. ते कष्टाचे आणि धोक्याचे होते.

अमेरिकेने यावर उपाय म्हणून १९६७ मध्ये रंगीत पट्ट्यांची खूण स्वीकारली. डब्यावर पट्ट्यांचा फलक लावायचा आणि रुळालगतच्या यंत्राने प्रकाशझोत टाकून तो वाचायचा. कारट्रॅक असे त्याचे नाव. कल्पना नामी, परंतु धूळ आणि चिखल यांनी तिचा घात केला. सुमारे पाचवा हिस्सा पट्ट्या वाचता येईनाशा झाल्या आणि १९७७ मध्ये ती योजना सोडून द्यावी लागली. डोळ्यांनी वाचायच्या खुणेला मळ भोवणारच.

मळाची पर्वा नसते ती रेडिओलहरींना. आज महामार्गावर मोटारीच्या काचेवर दिसतो तो फास्टॅग सर्वांच्या परिचयाचा आहे. वाघिणीवरील चकती त्याच कुळातली, अंगाने मात्र अधिक दणकट. तिच्यात बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि एक अँटेना एवढाच तिचा संसार. रुळालगतचे वाचकयंत्र लहरी सोडते. आपल्याकडे त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दीड वीत. त्या लहरींतलीच किंचित ऊर्जा घेऊन चिप जागी होते. तिच्यापाशी बोलायला स्वतःचा आवाज नसतो. मग ती काय करते? लहानपणी आपण आरशाच्या तुकड्याने भिंतीवर कवडसा पाडत असू. आरसा हलवला की कवडसा कधी असे, कधी नसे. चिपही अँटेनाची परावर्तनशक्ती अशीच कमीअधिक करते आणि परतणाऱ्या लहरीत आपला क्रमांक गुंफते. परावर्तित शक्तीने संदेश धाडता येईल, हे हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच एका निबंधात मांडले होते.

अडचण लोखंडाची. साधी चकती थेट पत्र्यावर चिकटवली तर तिच्या अँटेनाचा सूर बिघडतो आणि ती मुकी होते. म्हणून चकती व पत्रा यांच्यामध्ये योग्य अंतर राहील अशी तिची बांधणी करतात. एक चकती डाव्या अंगाला, एक उजव्या. शिवाय रुळाशी चाकांची जाणीव ठेवणारे यंत्र असते. सर्वसाधारण वाघिणीला चार आस असतात. ते मोजत गेले की एक वाघीण संपून दुसरी कोठे सुरू झाली हे कळते. एखादी चकती गप्प राहिली तरी रांगेतली रिकामी जागा लक्षात येते.

अमेरिकेने १९९१ मध्ये ही पद्धत सक्तीची केली आणि १९९४ अखेर दहा लाखांहून अधिक डबे चकतीधारी झाले. भारतीय रेल्वेने २०२१ च्या आरंभी सुमारे २३,००० वाघिणींना चकत्या लावल्याचे जाहीर केले, तेव्हा २०२२ अखेरचे उद्दिष्ट ठेवले होते. आमच्या खाडीपलीकडे न्हावा-शेव्यात मात्र वेगळ्या वाटेने हेच तंत्र आधी पोचले : २०१६ च्या जुलैपासून तेथे कंटेनरवर चकत्या लावून त्यांचा रस्त्यावरील व रेल्वेवरील प्रवास नोंदवू लागले.

एवढे सायास कशासाठी, असे कोणी विचारील. मोसमाला युरियाची रेक लागते तेव्हा तिच्यात चाळीसेक वाघिणी असतात. पेरणी झालेली, पाऊस झालेला, आणि दुकानदार सांगतो, "रेक अजून लागली नाही." त्या शेतकऱ्याला लहरी आणि चिप यांच्याशी कर्तव्य नाही, त्याला दिवस मोजायचे असतात. रिकामी वाघीण कोठे खोळंबली आहे हे वेळेवर कळले, तर पुढची रेक वेळेवर भरता येते.

चकतीकडून याहून जास्तीची अपेक्षा मात्र करू नये. ती आपला क्रमांक सांगते. आत गोणी कोरडी आहे की भिजली, हे तिला ठाऊक नसते. आणि बोलते तीही फक्त वाचकयंत्रासमोर आल्यावर. दोन यंत्रांच्या मधल्या पल्ल्यात गाडी कोठे उभी आहे, हे त्या चकतीला विचारून उपयोग नाही. ते दुसऱ्या मार्गानेच काढावे लागते.