अर्ध्या दिवसाचा हिशेब

दिवा–वसई लोहमार्गावरील खारबाव स्थानकात उतरणाऱ्या प्रवाशाला एके काळी भाताची खाचरे आणि खाडीवरून येणारा खारट वारा यांखेरीज फारसे काही भेटत नसे. आज अंजूरफाट्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या छपरांची गोदामे उभी आहेत, आणि मुंबई-ठाण्याच्या सदनिकांत बसून लोक बोटाच्या एका स्पर्शाने ज्या जिनसा मागवितात, त्यांपैकी कितीतरी आमच्या भिवंडी तालुक्यातील अशाच गोदामांतून निघतात. त्यांतल्या एका गोदामात मी हजेरीचा कारकून आहे. मुकादमाने आणलेल्या माणसांची नावे लिहावीत, पूर्ण दिवस, अर्धा दिवस आणि खाडा यांच्या खुणा कराव्यात व शनिवारी रोजंदारीचा हिशेब काढून रकमा वाटाव्यात, हा माझा व्यवसाय. असा मनुष्य वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मोबाइलचे ॲप बनविण्याची विद्या शिकावयास का गेला, आणि गेल्यावर त्याने स्वतःचे व काही अंशी इतरांचेही कोणते नुकसान केले, हे प्रांजळपणे सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि माझ्यासारख्याच्या हातातही अवघे जग आले. त्या भरात माझ्या मनाने असे घेतले की तालुक्यातील यच्चयावत गोदामे, मुकादम, ट्रकवाले आणि मजूर यांना एकत्र गुंफणारे एक प्रचंड ॲप आपण निर्माण करावे. ज्याने आयुष्यात चार ओळींचा प्रोग्राम लिहिला नाही, त्याने असा संकल्प सोडावा, यात धाडसापेक्षा अज्ञानच अधिक होते. पण अज्ञानाला स्वतःची ओळख नसते, हीच तर त्याची सोय आहे. मी एका खाजगी क्लासात अठरा हजार रुपये भरले. तेथे जावा ही भाषा शिकवीत, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण जावा १९९५ पासून आजतागायत ताठ उभी आहे. तक्रार आहे ती ज्या एक्लिप्स नावाच्या साधनावर ते आमचा हात बसवीत होते त्याबद्दल. गूगलने त्या साधनाला अँड्रॉइडसाठी दिलेला आश्रय २०१५ अखेर काढून घेतला होता आणि अँड्रॉइड स्टुडिओ हे नवे साधन त्याच्या जागी कधीच रुजू झाले होते. बंद पडलेल्या कचेरीत अर्ज घेऊन रोज हेलपाटे घालावेत, तसे आम्ही पाच महिने घातले. शिकवणीला पैसे भरण्यापूर्वी, शिकवितात ते साधन त्याच्या निर्मात्याच्या दप्तरी आज चालू आहे की नाही, एवढे जरी नवख्याने पाहिले, तरी फशी पडण्याचे निम्मे प्रसंग टळतील.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. मे २०१७ मध्ये गूगलने कोटलिन या भाषेला अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिल्याचे वाचले आणि मी जावा अर्ध्यावर टाकली. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली, तिच्यासाठी डार्ट ही भाषा लागते असे समजले, आणि मी कोटलिन अर्ध्यावर टाकली. मध्यंतरी आयफोनची स्विफ्टही खुणावून गेली. परंतु तिचे काम ॲपलच्या संगणकाशिवाय चालत नाही आणि त्या संगणकाच्या किमतीत आमच्याकडे एक दुभती म्हैस सहज येते, म्हणून तो मोह आपोआप आवरला. तीन वर्षांच्या अंती मला तीन भाषांतून 'नमस्कार' एवढे पडद्यावर उमटविता येत होते, आणि त्यापुढचे एकीतूनही येत नव्हते. प्रत्येक भाषेचे पहिले चार धडे सोपे असतात, पाचव्यापासून चढण लागते. आणि चढण लागली की मला हटकून नव्या भाषेचे गुण दिसू लागत. हे ज्ञानपिपासेचे लक्षण आहे, असा माझा पुष्कळ दिवस समज होता.

माझ्या जुन्या लॅपटॉपची स्मृती अवघी चार जीबी होती. संगणकाच्या आत नकली फोन दाखविणारा इम्युलेटर चालू केला की तो यंत्रराज असा निपचित पडे की मी तेवढ्यात आंघोळ उरकून येत असे. खऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकविले की विकसकांसाठी राखलेले पर्याय उघडतात, आणि मग तो फोन साध्या केबलने जोडून त्याच्यावरच ॲप चालविता येते, ही गोष्ट मला दीड वर्षाने कळली. गरीब संगणकाच्या मालकाला याहून उपयुक्त अशी दुसरी युक्ती मला ठाऊक नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी आली, गोदामात माणसे कमी आणि हिशेब गुंतागुंतीचे झाले, तेव्हा तालुकाव्यापी ॲपचे स्वप्न आपसूकच गळून पडले आणि मी फक्त माझ्या हजेरीपुस्तकापुरते एक ॲप कोटलिनमध्ये लिहावयास घेतले. आणि काय आश्चर्य सांगावे, जी भाषा तीन वर्षांत वश झाली नव्हती ती चार महिन्यांत बोलू लागली. कारण आता मला धडा पुढे ढकलीत नव्हता, माझी अडचण ढकलीत होती. नावांची यादी हवी म्हणून याद्या शिकलो, खाडा वेगळा मोजावयाचा म्हणून अटी शिकलो, फोन बंद झाला तरी नोंद राहावी म्हणून माहिती साठविणे शिकलो. तांबड्या अक्षरांत येणारी एरर पूर्वी पाहताच मी पान मिटीत असे. ती सातबाऱ्यासारखी वाचावयाची असते, कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीत आणि कोणत्या कारणाने हे तिच्यात बहुधा लिहिलेले असते, हे तेव्हा कुठे ध्यानी आले.

आता ज्या प्रसंगासाठी हे सर्व सांगितले, त्याकडे वळतो. ॲप तयार झाले, मी चारपाच नावे घालून पाहिली, पूर्ण दिवसांची बेरीज चोख आली आणि त्याच शनिवारी मी जुने हजेरीपुस्तक कपाटात ठेवून ॲपने काढलेल्या रकमा वाटल्या. दुसऱ्या शनिवारीही वाटल्या. तिसऱ्या शनिवारी खोकी निवडण्याच्या कामावरील एक वयस्क बाई पैसे मोजून तिथेच उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माझे तीन अर्धे कुठं गेले?" मी त्यांना फोन दाखविला. त्या म्हणाल्या, "त्यात नसतील. पण मी आले होते." मला त्यांच्या स्मरणाचा संशय आला, हे कबूल करण्यास आज लाज वाटते. रात्री कपाटातून पुस्तक काढले, आठवणीने आणि मुकादमाच्या चिठ्ठ्यांवरून ते भरले, आणि ताळा घालू लागताच घाम फुटला: एकट्या त्यांचेच नव्हे, सगळ्यांचे सगळे अर्धे दिवस शून्य झाले होते.

कारण ऐकाल तर हसू येईल. मी रोजाच्या दराला, कंसात एक भागिले दोन असे लिहून, गुणले होते. कोटलिनमध्ये काय किंवा जावामध्ये काय, पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तर पूर्णांकच मिळते आणि राहिलेला अपूर्णांक यंत्र मुकाट्याने टाकून देते. म्हणून एक भागिले दोन म्हणजे अर्धा नव्हे, शून्य. साडेचारशेचा निम्मा सव्वादोनशे व्हावा, त्याऐवजी साडेचारशे गुणिले शून्य. कसली एरर नाही, तांबडे अक्षर नाही. यंत्राच्या दृष्टीने सर्व आलबेल होते. माझ्या वडिलांनी लहानपणी छडी हातात घेऊन माझ्याकडून पावकी, निमकी, पाउणकी आणि औटकीसुद्धा पाठ करून घेतली होती. ज्याच्या कानात निमकी घुमते, त्याच्या हातून निम्म्याचाच घात व्हावा!

पैसे मी पुढच्या सोमवारी प्रत्येकाला चुकते केले. पहिले त्या बाईंना. आणि ॲपमधून भागाकारच काढून टाकला. दिवस न मोजता अर्धे मोजावयाचे, पूर्ण दिवस म्हणजे दोन अर्धे. आणि रक्कम रुपयांत न ठेवता पूर्णांक पैशांत ठेवावयाची. दशांश चिन्हाचे आकडे वापरावेत, असे कोणी सुचवील. पण यंत्र दोनाच्या घातांत मोजते, त्याला दशांश एक हा अपूर्णांक नेमका मांडताच येत नाही, आणि ०.१ मध्ये ०.२ मिळविले तर ते ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देते. वाणसौद्याच्या हिशेबात असला शेपटा चालत नाही. आमचे पूर्वज या बाबतीत शहाणे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत असत. त्यांचे तीन सारखे वाटे पडतात, शंभर पैशांचे पडत नाहीत. अपूर्णांक टाळावयाचा तर परिमाण बारीक करावे, हे जुन्या वहीखात्याला ठाऊक असलेले तत्त्व मी लॅपटॉपवर नव्याने, आणि परक्याच्या पैशाने, शिकलो.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. तारीख निवडण्याच्या अँड्रॉइडच्या जुन्या चौकटीत महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. हे न कळल्याने जूनची हजेरी माझ्याकडे मेच्या खात्यावर चढली होती. आणि लॅपटॉप बदलाल तर ॲपवर सही करणारी किल्ली जुन्यावरून आधी उतरवून घ्या. माझ्याकडे ती नव्हती. सही जुळेना म्हणून फोनने नवी आवृत्ती घेण्यास नकार दिला, जुने ॲप काढावे लागले, आणि त्याबरोबर त्यातल्या सगळ्या नोंदी गेल्या. तोवर कागदी पुस्तक पुन्हा टेबलावर आले होते, म्हणून निभावले. आजही दोन्ही शेजारी शेजारी चालतात, आणि नवशिक्याने निदान तीन महिने तरी तसेच चालवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हल्ली यंत्रालाच तोंडी हुकूम देऊन सबंध प्रोग्राम लिहून घेता येतो, असे माझा पुतण्या सांगतो, आणि मी ते करूनही पाहिले आहे. लिहिणारा बदलला, तरी शनिवारी बाईंच्या पुढे उभे राहणारा मीच आहे.

कोणती भाषा घ्यावी, हा प्रश्न मला वारंवार विचारतात. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्या हातांत कोणता फोन आहे ते आधी पाहावे; आमच्याकडे तो अँड्रॉइडच असतो, म्हणून कोटलिन. दोन्ही जातींचे फोन असतील तर डार्ट आणि फ्लटर. इतकेच. यापलीकडे या प्रश्नावर घालवावयाचा वेळ मी स्वतः पुरेसा घालविलेला आहे.

परवा शेजारच्या भातगिरणीवाल्यांचा मुलगा हाच प्रश्न घेऊन आला. मी त्याला म्हटले, "भाषेचे मग बघू. घरी गिऱ्हाइकांची वही आहे ना? तिच्यातला एक दिवस कागदावर मांडून आण." तो चार दिवसांनी आला तो वैतागूनच, त्याचे आणि आईचे पहिल्याच पानावरून वाजले होते. जुन्या गिऱ्हाइकांचे माप आई अजून पायलीने लिहिते, आणि पाऊण पायली कोणत्या रकान्यात, कशी लिहावयाची, हे दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला पटविता आले नव्हते. मी खुर्ची ओढून दिली आणि विचारले, "एका पायलीचे शेर किती?"