तांबड्या ठिपक्याचा दिवा

१. जत्रेतली नळी

जत्रेत खेळण्यांच्या दुकानात बोटाएवढी एक नळी मिळते. बटण दाबले की लांबच्या भिंतीवर तांबडा ठिपका पडतो. मुले तिला 'लेझर' म्हणतात. तुम्हीही ती पाहिली असेल.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गवंडीदादा येतात. त्यांच्या मुलाने अशी नळी आणली होती. दोन महिन्यांत तिचे बटण बिघडले. दादा ती वर्गात घेऊन आले आणि म्हणाले, "गुरुजी, हे टाकून द्यायचं, का ह्याचं काही होईल?"

आम्ही म्हटले, "दादा, आधी तिच्यावरची चिठ्ठी वाचा पाहू."

दादांनी नळी दिव्याजवळ धरली. चिठ्ठी पिवळी होती. अक्षरे बारीक होती आणि इंग्रजी होती. दादांना मराठी वाचता येऊ लागले होते, पण ही अक्षरे कुठून येणार? आम्ही ती वाचून दाखवली. दादा गप्प झाले. मग म्हणाले, "पोरगं हेच धाकटीच्या डोळ्यांवर मारत होतं. आम्ही सगळे हसत होतो."

तेव्हाच आम्ही हा धडा लिहायचे ठरवले. त्या चिठ्ठीतली मुख्य गोष्ट मराठीत अशी आहे :

लेझरचा उजेड. किरणाकडे पाहू नका.

२. हा उजेड वेगळा कसा?

कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो. दूर गेला की फिका पडतो. लेझरचा उजेड ताणलेल्या दोरीसारखा सरळ जातो. तो फारच थोडा पसरतो.

पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. त्यात त्यांनी माणकाची कांडी वापरली होती. १९६२ साली चिमुकल्या स्फटिकातून लेझर निघू लागला. आपल्या नळीत त्याच जातीचा एक कण असतो. तो मोहरीहूनही लहान असतो.

आता डोळ्याचे पाहा. उन्हात भिंग धरले तर खालचा कागद पेटतो. आपल्या डोळ्यातही भिंग आहे. लेझरचा किरण डोळ्यात शिरला की हे भिंग त्याला एका बारीक टोकावर गोळा करते. ते टोक डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते. तो पडदा भाजला तरी दुखत नाही. म्हणून माणसाला वेळीच कळत नाही. भाजलेली जागा पुन्हा नीट होईलच असे नाही.

"पण आम्ही साधीच नळी घेतली," असे कोणी म्हणेल. अमेरिकेत अशा नळीच्या जोराला ५ मिलिवॅटची मर्यादा आहे. मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग. तेथील सरकारी मानक संस्थेने १२२ नळ्या तपासल्या आणि २०१३ साली निकाल सांगितला. हिरव्या नळ्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि तांबड्यांपैकी सुमारे ४४ टक्के नळ्या नियमात बसल्या नाहीत. तेव्हा चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

३. नळीच्या पोटात काय असते?

साध्या तांबड्या नळीत तीन बटण-सेल असतात. एक सेल दीड व्होल्टचा. तीन मिळून साडेचार व्होल्ट. पुढच्या तोंडाशी पितळेचे छोटे नळकांडे असते. त्यात लेझरचा कण असतो, त्याच्यापुढे बारीक भिंग असते आणि मागे विजेची लहान पट्टी असते. पट्टीला स्प्रिंग लावलेली असते. या सगळ्याला कारागीर 'मॉड्यूल' म्हणतात. आपण त्याला 'गाभा' म्हणू.

बटण बिघडते, कवच फुटते, सेल संपतात. पण गाभा बहुधा चांगला राहतो. तो फेकू नये.

४. उघडण्याची रीत

पहिली गोष्ट : हिरव्या उजेडाची नळी उघडू नका. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे किरणही तयार होतात. आतली गाळणी निघाली तर ते बाहेर येतात. जे दिसत नाही, त्यापासून डोळा मिटणार कसा?

तांबडी नळी असेल तर असे करा.

(१) आधी सेल काढा. सेलचे कोणते तोंड स्प्रिंगकडे होते, अधिक की उणे, हे कागदावर लिहून ठेवा. विसरू नका.

(२) सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने बटण-सेल गिळला तर अन्ननळी आतून भाजते. घरगुती उपाय करीत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

(३) जमिनीत गेलेल्या लोखंडी नळाला हात लावा. आपल्या अंगावर थोडी वीज साठलेली असते. तिच्या झटक्याने लेझरचा कण मरतो.

(४) पुढचे टोक फिरवून पाहा. फिरले तर गाभा सहज निघेल. फिरले नाही तर करवतीच्या पात्याने कवच मागच्या बाजूने कापा. गाभा पुढे असतो, म्हणून पुढे कापू नका.

(५) गाभा पितळेला धरून हळूच काढा. स्प्रिंग ओढू नका. भिंगाला बोट लावू नका.

५. नवीन जोडणी

आता दोन पेन्सिल-सेल घ्या. दोन मिळून तीन व्होल्ट होतात. तुम्ही विचाराल, आधी साडेचार होते, मग आता तीन का? बटण-सेल म्हणजे बारीक तोटी. तिच्यातून वीज थोडी थोडीच येते. पेन्सिल-सेल म्हणजे मोठी तोटी. तीन मोठे सेल लावले तर वीज जास्त धावेल आणि कण जळेल. दोन सेलांवर ठिपका थोडा मंद दिसेल. दिसू द्या. गाभा जास्त दिवस टिकेल.

एक तार स्प्रिंगला आणि दुसरी पितळेला जोडा. आपला कागद काढा. जे तोंड स्प्रिंगकडे होते, त्याच तोंडाची तार स्प्रिंगला लावा. पुष्कळ नळ्यांत स्प्रिंग उणे आणि पितळ अधिक असते, पण सगळ्यांत नाही. उलट जोडले तर गाभा गेलाच म्हणून समजा.

डाग देताना तापलेली कावी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. जुने बटण पट्टीवरच असले तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्याचे पाय जोडून घ्या. एका तारेत लहान खटका घाला. खटका हवाच.

६. कामाला कसा लावायचा?

गवंडीदादांनी तो लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर खाचेत बसवला. वर पाणसळ ठेवली. पण किरण ठोकळ्याशी समांतर आहे की नाही हे कसे कळणार?

दादांनी दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींवर पाण्याच्या नळीने एकाच उंचीच्या खुणा केल्या. गाभ्याचे भिंग पहिल्या खुणेच्या उंचीला आणले. पाणसळीचा बुडबुडा मध्ये घेतला. ठिपका दुसऱ्या खुणेच्या पाव इंच वर पडला. म्हणजे किरण वर चढत होता. दहा फुटांत पाव इंच, तर चाळीस फुटांत एक इंच! मग त्यांनी गाभ्याच्या मागच्या टोकाखाली कागदाची घडी घातली. ठिपका खुणेवर आला. तेव्हाच त्यांनी गाभा पक्का केला.

आता फरशीची ओळ आखायला, खिडक्यांच्या माथ्याची उंची बघायला तो कामी येतो. सावलीत ठिपका चांगला दिसतो.

पण हे नियम पाळा. किरण माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवू नका. आरसा, स्टील किंवा चकचकीत फरशी यांवर तो पाडू नका, कारण किरण तेथून उलटतो. रस्त्यावरच्या गाडीकडे किंवा आकाशातल्या विमानाकडे कधीही रोखू नका. चालकाचे डोळे दिपले तर अनेकांचे प्राण जातील. काम झाले की सेल काढून ठेवा.

दादांनी त्या ठोकळ्यावर कागद चिकटवला आहे. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'किरणाकडे पाहू नका.' त्यांच्या मुलाने ते सर्वांत आधी वाचले. धाकटीला अजून वाचता येत नाही. तिला त्यानेच ते वाचून दाखवले.

सांगा पाहू

१. लेझरने डोळा भाजला तरी लगेच का कळत नाही?
२. सेल काढताना कागदावर काय लिहून ठेवावे? का?
३. दहा फुटांत पाव इंच चूक असेल तर वीस फुटांत किती?
४. तुमच्या घरी अशी नळी आहे का? असेल तर आज मुलांना काय सांगाल? ते दोन ओळींत लिहा.