कागदावर उरलेला कोल्हापुरी चित्रपट : संग्राहकांसाठी अनुभवाचे बोल

कोल्हापुरात चित्रपटांचे जुने छापील साहित्य जमवणाऱ्यांची संख्या कमी नाही. परंतु ज्यांना गंभीर संग्राहक म्हणता येईल अशी माणसे त्यांत थोडीच आढळतात. हा फरक संग्रहाच्या आकारावरून किंवा त्यावर झालेल्या खर्चावरून ठरत नाही, तर हाती असलेला प्रत्येक कागद कोणत्या चित्रपटाचा, कोणत्या वर्षीचा, कोठे छापलेला आणि कोणाकडून आलेला आहे, हे संग्राहकाला सांगता येते की नाही यावरून ठरतो. पुढील विवेचन अनेक वर्षे हे साहित्य हाताळताना आलेल्या अनुभवांवर, विशेषतः डोळ्यांदेखत झालेल्या हानीच्या अनुभवांवर आधारलेले असून नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना ती हानी टाळता यावी, एवढाच त्याचा हेतू आहे.

बाबूराव पेंटर यांनी 1917 मध्ये कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली, आणि तिच्यात तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 1 जून 1929 रोजी याच शहरात प्रभात फिल्म कंपनी उभी केली. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेल्यानंतरही कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन, हंस पिक्चर्स आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ यांनी येथील चित्रनिर्मिती चालू ठेवली. या निर्मितीपैकी प्रत्यक्ष चित्रपट मात्र फार थोडे उरले आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या आणि कालांतराने आपोआप कुजणाऱ्या द्रव्याची असे. गांधीहत्येनंतर उसळलेल्या 1948 च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म साठवलेल्या दालनाला आग लागून जुन्या चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. भारतात तयार झालेल्या सुमारे 1,300 मूकपटांपैकी आज मोजकेच पाहायला मिळतात, आणि बाबूरावांची 1920 मधील ‘सैरंध्री’ त्यांत नाही. अशा चित्रपटांविषयी जे काही निश्चितपणे सांगता येते त्याचा मोठा भाग पोस्टरे, हस्तपत्रके, स्थिरचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिका यांच्या आधारे सांगावा लागतो. म्हणून हे कागद जपणे हा केवळ छंद राहत नाही, ती इतिहासाची जबाबदारी होते.

यांपैकी गाण्यांची पुस्तिका हा प्रकार संग्राहकाला सर्वांत सुलभ आणि सर्वांत फसवा आहे. बोलपट आल्यानंतर चित्रपटगृहाच्या दारात आणा-दोन आण्यांना विकली जाणारी ही काही पानांची चोपडी असे. तीत भूमिका करणाऱ्यांची नावे, कथासार आणि गाण्यांचे शब्द छापलेले असत, आणि कथासार बहुधा ऐन रंगात तोडून उरलेला भाग पडद्यावर पाहण्याची विनंती केलेली असे. व्हीनस, उमा, पद्मा, पार्वती अशा टॉकीजमधून घरी आलेल्या या पुस्तिका गाणी पाठ होईपर्यंत वापरल्या गेल्या आणि नंतर रद्दीत गेल्या. अमेरिकेतील बेसबॉल कार्डांचा प्रवास याच मार्गाने झाला. सिगारेटच्या पाकिटात किंवा च्युइंगमबरोबर मिळणारी खेळाडूंची ती छोटी चित्रे मुलांनी खेळून फाडली, आयांनी फेकून दिली, आणि जी उरली त्यांतील मिकी मँटल या खेळाडूचे 1952 चे एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले. या आकड्याकडे पाहून आपल्याकडील कागदांच्या किमतीची स्वप्ने रंगवणे व्यर्थ आहे. तेथे प्रत्येक संचातील कार्डांची क्रमवार यादी छापलेली आहे, आणि कार्ड तपासून त्याला एक ते दहा गुण देणाऱ्या व ते सीलबंद करणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे पुस्तिकांची अशी पूर्ण यादी नाही आणि गुण देणारे कोणी नाही, त्यामुळे ओळख, तपासणी व नोंद ही तिन्ही कामे संग्राहकालाच करावी लागतात.

ओळखीचे काम वाटते तितके सोपे नाही, कारण एकाच नावाचे चित्रपट वारंवार निघाले. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये बाबूराव पेंटरांनी केली आणि 1933 मध्ये प्रभातने. ‘सिंहगड’ही याच क्रमाने 1923 आणि 1933 मध्ये आला. ‘सावकारी पाश’ 1925 चा मूकपट होता व 1936 मध्ये त्याचा बोलपट झाला, तर प्रभातचे ‘गोपालकृष्ण’ 1929 मध्ये मूक आणि 1938 मध्ये बोलके, ‘चंद्रसेना’ 1931 मध्ये मूक आणि 1935 मध्ये बोलके आहे. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘गोपालकृष्ण, 1929, मूळ गाण्यांची पुस्तिका’ अशी चिठ्ठी लावलेली प्रत समोर आली, तर मूकपटाला पडद्यावरची गाणी असणार नाहीत एवढ्या एका विचाराने ती चिठ्ठी बाद ठरते. तरीही केवळ वर्ष जितके जुने तितकी वस्तू मोलाची या समजापोटी असे व्यवहार होत राहतात. भाषेचा घोटाळा आणखी निराळा आहे. ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला, ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ ‘आदमी’ झाला आणि ‘शेजारी’ ‘पडोसी’ झाला. या जोड्यांच्या पुस्तिका स्वतंत्र असतात आणि त्यांतील गाणी व काही वेळा नटही वेगळे असतात, म्हणून एक मिळाली की दुसरीची गरज संपली असे मानणे चुकीचे आहे.

कालनिश्चितीसाठी पुस्तिकेच्या शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ मुखपृष्ठावरील चित्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार ब्रिटिश हद्दीत छापलेल्या पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते, त्यामुळे मुंबई-पुण्यात छापलेल्या पुस्तिकांवर ही माहिती बहुधा सापडते. कोल्हापूर 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत संस्थान होते, म्हणून येथील छपाईवरचा संस्थानाचा उल्लेखही काळाची एक मर्यादा दाखवून देतो. किंमत हा दुसरा पुरावा आहे. आण्यांत किंमत असेल तर पुस्तिका सामान्यतः 1957 पूर्वीची समजावी, कारण त्या वर्षीच्या 1 एप्रिलला दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असेल तर ती 1957 ते 1964 या अवधीतील असण्याचा संभव मोठा असतो. प्रभातचा एखादा जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना त्याची पुस्तिकाही नव्याने छापली जात असे, आणि अशी पुनःप्रदर्शनाची प्रत खरी असली तरी पहिल्या प्रदर्शनाची नव्हे. मूळ प्रत, पुनःप्रदर्शनाची प्रत, स्मरणार्थ केलेले पुनर्मुद्रण आणि फसवण्यासाठी केलेली नक्कल हे चार प्रकार ज्याच्या वहीत वेगवेगळे नोंदलेले नाहीत, त्याच्या संग्रहावर अभ्यासकाला विसंबता येत नाही.

नक्कल ओळखण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि नोटा तपासण्यासाठी वापरली जाणारी अतिनील प्रकाशाची विजेरी या दोन वस्तू बहुतेक वेळा पुरतात. जुन्या पोस्टरांची छपाई शिळाछाप पद्धतीने, म्हणजे दगडावर चित्र काढून प्रत्येक रंगासाठी निराळा दगड वापरून होत असे, आणि भिंगाखाली तिचा रंग खडूने घासल्यासारखा अनियमित दिसतो. अलीकडच्या ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित जाळी दिसते, तर संगणकाच्या प्रिंटरने काढलेल्या प्रतीत शाईचे तुषार विखुरलेले दिसतात. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चमक आणणारी रसायने साधारण 1950 नंतर प्रचारात आली, आणि ती असलेला कागद अतिनील प्रकाशात निळसर पांढरा झळाळतो. म्हणून 1932 ची म्हणून दाखवलेली, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली पुस्तिका त्या प्रकाशात झळाळू लागली तर व्यवहार तेथेच थांबवावा. बाबूराव पेंटरांच्या कंपनीच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या पोस्टरांबाबत ही सावधगिरी दुपटीने बाळगावी लागते, कारण ‘कल्याण खजिना’ या 1924 च्या चित्रपटाचे पोस्टर भारतातील उपलब्ध पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाते आणि त्या काळातील दुसरे खरे पोस्टर कोणाच्या माळ्यावर सापडणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे.

तथापि नकलांनी केलेल्या नुकसानापेक्षा जपणुकीच्या नावाखाली झालेले नुकसान कितीतरी मोठे आहे, आणि प्रस्तुत लेखकाला याच भागाविषयी सर्वाधिक कळकळीने सांगायचे आहे. स्वस्त लाकडी लगद्याचा कागद स्वतःच्या आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होत जातो, ही हानी मंद गतीने होते; परंतु त्यावर लॅमिनेशन केले की तापलेले प्लास्टिक तंतूंत रुतून बसते आणि ते काढण्याचा कोणताही सुरक्षित उपाय उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका संग्रहातील तीसच्या दशकातील उत्कृष्ट पुस्तिका अशा रीतीने पानापानाने लॅमिनेट केलेल्या होत्या; मालकाची भक्ती निःसंशय होती, पण शिवण उसवून टाकल्यामुळे पानांचा मूळ क्रमही हरवला होता. पारदर्शक चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदाच्या आरपार उतरतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्यांतून निघणाऱ्या वाफांनी शाई चिकटते, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरावेत. पुस्तिकेच्या गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत. मागील टोके चिमट्याने सरळ करून त्या अलगद सोडवाव्यात आणि त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा. नोंद मऊ पेन्सिलीने आणि लिफाफ्यावर करावी, कागदावर शाईचा शिक्का कधीही मारू नये.

कोल्हापूरच्या हवामानात पावसाळ्याचे चार महिने ही कसोटी असते, कारण दमट हवेत बुरशी व कसर यांना आमंत्रण मिळते. लोखंडी कपाट भिंतीला टेकवून न ठेवणे, बाहेरच्या भिंतीवर पोस्टर न टांगणे आणि कोरड्या दिवशी पेट्या उघडून पाहणे एवढे तरी अवश्य करावे. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांनी शहराच्या सखल भागांतील घरांच्या तळमजल्यावर काय होऊ शकते हे दाखवून दिले आहे, त्यामुळे संग्रह वरच्या मजल्यावर असणे ही येथे पहिली अट मानावी. भिजलेला गठ्ठा उन्हात टाकणे किंवा चिकटलेली पाने सोडवू पाहणे ही दोन्ही कृत्ये घातक ठरतात. पानांमध्ये टीपकागद घालून तो वारंवार बदलावा, पंख्याचा वारा द्यावा, आणि गठ्ठा मोठा असून हात अपुरे असतील तर तो पिशवीत बंद करून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि काम सवडीने करता येते.

खरेदीविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगण्याजोगी आहे. रद्दीवाल्याकडे एखाद्या जुन्या घरातील गठ्ठा आला, तर त्यातील देखण्या चार पुस्तिका निवडून बाकीचे सोडण्याची सवय लागते, आणि त्याबरोबर त्या गठ्ठ्याची उगमसाखळी, म्हणजे तो कोणाच्या घरी, कोणत्या क्रमाने, कशासह जपला गेला होता याची माहिती कायमची तुटते. एखादा गठ्ठा स्टुडिओतील रंगाऱ्याच्या घरचा होता की चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाच्या घरचा, यावर त्यातील साध्या हस्तपत्रकाचा अर्थ बदलतो. म्हणून शक्य असेल तेथे गठ्ठा अखंड घ्यावा, विकणाऱ्याला घर विचारावे, आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी तारखेसह नोंदवावे. कागद मालकीचा झाला म्हणून त्यावरील चित्राचा व गाण्याचा स्वामित्वहक्क मिळत नाही, याचेही भान ठेवावे. अभ्यासकाला मात्र पाहू देण्यात कोणताही अडसर नसतो, आणि दाखवण्याची तयारी नसलेला संग्रह अभ्यासाच्या दृष्टीने हरवल्यासारखाच असतो.

अखेरचा प्रश्न संग्राहकाच्या पश्चात काय होणार हा आहे, आणि बहुतेक संग्रह याच टप्प्यावर फुटतात, कारण घरातील पुढच्या पिढीला पेटीत काय आहे हे कोणी सांगितलेले नसते. चित्रपटाचे नाव, वर्ष, भाषा, मुद्रक, पृष्ठसंख्या, अवस्था, कोठून मिळाले आणि किती किंमत दिली, या रकान्यांची एक वही व तिची एक प्रत घरातील दुसऱ्या माणसाकडे असावी, आणि संग्रह कोणाला द्यायचा हे संग्राहकाने हयातीतच लिहून ठेवावे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून फिल्मबरोबरच पोस्टरे, पुस्तिका व स्थिरचित्रे जपत आले आहे, आणि कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठासारखी संस्था आहे. ज्या कोल्हापूरकरांच्या माळ्यावर अजून अशी ट्रंक असेल त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडावी, आतील कागदांचा क्रम न बदलता छायाचित्रे काढावीत आणि या संस्थांना एक पत्र पाठवावे.