रामगिरी क्षेत्रदर्शन : राजवाडा, राऊळ आणि यात्रा

॥ श्री ॥

जवाहरनगर, भंडारा आणि वैनगंगेच्या काठच्या गावांतून असंख्य भाविक दरवर्षी रामटेकला जातात. बहुतेकांची यात्रा एका दिवसाची असते. गड चढावा, प्रभू रामचंद्रांचे दर्शन घ्यावे, प्रसाद घेऊन उतरावे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, असा क्रम ठरलेला असतो. या दर्शनात न्यून काहीच नाही. तथापि, ज्या गडावर आपण माथा टेकवितो त्याचा सुमारे सोळाशे वर्षांचा वृत्तांत ठाऊक असल्यास तेच दर्शन अधिक अर्थपूर्ण होते. त्या दृष्टीने यात्रेकरू व देणगीदार बंधू-भगिनींसाठी ही माहिती देत आहोत.

राजवाडा : नगरधन आणि मनसर

रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर नगरधन हे गाव आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत ज्या नंदिवर्धन नगराचा उल्लेख येतो, ते हेच असे अभ्यासक मानतात. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन अकाली निवर्तला, तेव्हा राजपुत्र लहान होते. त्या वेळी राज्याचा भार राणी प्रभावतीगुप्ता हिने उचलला. ती गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी विदर्भाचा कारभार एका विधवा राणीने अनेक वर्षे समर्थपणे चालविला, ही गोष्ट आपल्या प्रदेशाला भूषणावह आहे. २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी नगरधन येथे उत्खनन केले. त्यात या राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. तीवर शंखाचे चिन्ह आहे. आज गावात दिसणारा किल्ला मात्र नंतरच्या काळातील असून तो भोसलेकालीन समजला जातो. किल्ल्यात जमिनीच्या पातळीखाली असलेले देवीचे स्थान भाविकांनी अवश्य पाहावे.

प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर ही नवी राजधानी वसविली. रामकथेवरील ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य याच राजाचे मानले जाते. नागपूर-जबलपूर महामार्गावरील मनसर येथे १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननात विटांच्या भव्य वास्तू उजेडात आल्या. तेथील एक वास्तू राजवाड्याची असून मनसर हेच प्रवरपूर होय, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जवळच्या हिडिंबा टेकडीवर विटांचे प्रशस्त देवालय होते. मनसरला मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

राजवाडा पाहावयास गेलेल्या यात्रेकरूस येथे विटांचे पाये, भिंतींचे तळ आणि जोती एवढेच दिसेल. ज्या दालनांत राजाज्ञा निघाल्या ती दालने मातीखाली गेली. हे ध्यानात ठेवून मग गडाकडे वळावे.

राऊळ : गडावरील देवालये

प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळाला. तो रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दिल्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे त्या काळीही हा गड तीर्थक्षेत्र होता आणि राणी स्वतः येथील भक्त होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे सप्रमाण प्रतिपादन केले. गडावरील कालिदास स्मारक आणि १९९७ साली रामटेकला स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय ही त्या परंपरेची आजची स्मारके होत.

गडावर पायऱ्यांनी जाता येते, तसेच वाहनानेही जाता येते. वाटेवर रुद्रनरसिंह आणि केवलनरसिंह ही दोन दगडी देवालये लागतात. दोन्हींत आसनस्थ नृसिंहाच्या विशाल मूर्ती असून ही देवालये वाकाटककालीन आहेत. पुढे वराह दरवाजाजवळ वराहाची प्रचंड मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून पार होणे पुण्यप्रद मानतात. त्यानंतर सिंगपूर, भैरव व गोकुळ हे दरवाजे ओलांडून आपण मुख्य देवालयांपाशी येतो. अग्रभागी लक्ष्मणस्वामींचे मंदिर व त्यामागे प्रभू रामचंद्रांचे मंदिर आहे. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, शिलालेख आहे. त्यात या क्षेत्राचे माहात्म्य व येथील तीर्थे वर्णिली आहेत. अठराव्या शतकात नागपूरकर पहिले रघूजीराजे भोसले यांनी या देवस्थानाला पुन्हा वैभव आणले.

गडावरील भोगराम हे स्थान महानुभाव पंथीयांना श्रीचक्रधर स्वामींच्या वास्तव्यामुळे पवित्र आहे. गडाच्या परिसरात शांतिनाथांचे प्रसिद्ध जैन मंदिर असून रामटेकचा अठराभुजा गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. मेंढा (भंडारा) येथील भृशुंड गणेश व पवनीचा सर्वतोभद्र गणेश यांचे दर्शन घेणाऱ्या आपल्या भागातील भाविकांची यात्रा येथे एका पावलाने पुढे जाते.

यात्रा : त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमी

चैत्रात रामनवमीला व कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी यात्रा भरते. अंबाळा तलावाच्या घाटांवर स्नान, तर्पण व दीपदान होते आणि गड दिव्यांनी उजळतो. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे वर्षाची खरेदी, सोयरिकीच्या गोष्टी आणि देवदर्शन या तिन्हींसाठी येथे एकत्र येतात. वाकाटक गेले, यादव गेले, भोसल्यांचे राज्यही गेले. राजवाड्यांची राखण करणारे कोणी उरले नाही. गडावरची पायवाट मात्र मोडली नाही, कारण प्रत्येक पिढीतील सामान्य माणूस तिच्यावरून चालत राहिला. देवालये तगली ती या पावलांमुळे आणि या पावलांनी मागे ठेवलेल्या दानामुळे.

दानाविषयी एक विनंती

येथे देणगीदारांनी विशेष ध्यान द्यावे अशी एक हकिकत आहे. १९८२-८३ च्या सुमारास केवलनरसिंह मंदिराच्या दुरुस्तीचे काम चालू असता भिंतीवरील जुना गिलावा काढण्यात आला आणि आतून वाकाटककालीन शिलालेख प्रकट झाला. लेखाचा बराच भाग झिजलेला आहे. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थानुसार, प्रभावतीगुप्तेच्या कन्येने आपल्या दिवंगत मातेच्या पुण्यार्थ हे देवालय उभारले. सुदर्शन नावाच्या जलाशयाचाही त्यात उल्लेख आहे. आईच्या स्मरणार्थ मुलीने दिलेले हे दान सोळा शतके टिकले, परंतु ते कोणी व कोणासाठी दिले हे सांगणारी अक्षरे दीर्घकाळ गिलाव्याखाली झाकलेली होती. ज्यांनी तो लेप दिला त्यांचाही हेतू वाईट नसावा; देऊळ नीटनेटके दिसावे एवढीच त्यांची इच्छा असेल.

आजही अनेक भाविक श्रद्धेने जुन्या देवळांना तैलरंग देतात, कोरीव खांबांवर नावांच्या फरश्या बसवितात, मूर्तीवर तेल-शेंदराची पुटे चढवितात. त्यामुळे दगड झिजतो आणि अक्षरे बुजतात. म्हणून नम्र विनंती अशी :

१. प्राचीन भिंती, खांब व शिलालेख यांवर रंग, चुना, कुंकू वा तेल लावू नये. कापूर व उदबत्ती नेमून दिलेल्या जागीच लावावी.

२. आप्तांच्या स्मरणार्थ देणगी द्यावयाची असल्यास पिण्याचे पाणी, पायऱ्यांची डागडुजी, सावली, स्वच्छता व अन्नदान यांसाठी द्यावी. दात्याचे नाव देवस्थानाच्या वहीत राहू द्यावे.

३. संरक्षित वास्तूचे कोणतेही काम पुरातत्त्व विभागाच्या संमतीवाचून करू नये.

४. गडावर वानरे पुष्कळ आहेत. प्रसाद झाकून न्यावा, त्यांना हाताने खाऊ घालू नये आणि प्लास्टिकच्या पिशव्या गडावर टाकू नयेत.

५. शक्य असल्यास सकाळी नगरधन व मनसर पाहून ऊन उतरल्यावर गड चढावा. सोबतच्या मुलांना प्रभावतीगुप्तेची कथा केवलनरसिंहाच्या मंडपात बसून सांगावी.

त्या कन्येच्या दानात आईविषयीची कृतज्ञता होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी मिळावे हा विचारही होता. आपल्या दानातही या दोन गोष्टी असाव्यात. राजवाड्यांचे पाये पाहून नम्रता यावी, राऊळ पाहून श्रद्धा दृढ व्हावी आणि यात्रेत मिसळून आपण या अखंड पायवाटेचे वाटसरू आहोत याची जाणीव व्हावी, एवढीच प्रभू रामचंद्रांच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥